एका हिरव्या कृमीची कुळकथा

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कृमीवर लेख पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठी चढेल. पान उलटण्यापूर्वी एवढेच सांगतो की, लेखाचा नायक जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीचा असला तरी त्याने प्राणिशास्त्रज्ञांना पिढ्यान्‌पिढ्या ज्या प्रश्नात अडकवून ठेवले, तो प्रश्न आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिला जातो. एखादी गोष्ट ‘नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो? अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’तील अभावाचे चार प्रकार मीही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यांपैकी दोघांची खरी ओळख पटली ती या कृमीमुळे.

प्रथम त्याचे गाव पाहू. नकाशात फ्रान्सचे एक टोक अटलांटिक महासागरात घुसलेले दिसते. हा ब्रिटनी प्रांत. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर रॉस्कॉफ नावाचे छोटे बंदर आहे. येथे १८७२ मध्ये लाकाझ-द्युतिए या प्राणिशास्त्रज्ञाने सागरी जीवांच्या अभ्यासाचे केंद्र काढले. ते आजही चालू आहे. ओहोटीला समुद्र मागे हटला की या किनाऱ्यावरील ओल्या वाळूत, जेथे पाणी झिरपत राहते अशा जागी, गडद हिरवे डाग उमटतात. पाहणाऱ्याला वाटावे, शेवाळ साचले आहे. पण जवळ जाऊन पाय आपटावा, तर डाग पाहता पाहता नाहीसा होतो. कारण तो हजारो कृमींचा जमाव असतो, आणि हादरा बसताच सारा जमाव वाळूत शिरतो. भरतीचे पाणी येऊ लागले की हे कृमी खाली जातात, ओहोटी लागली की पुन्हा वर येऊन उन्हात पसरतात.

या हिरव्या रंगाचे कोडे उलगडू पाहणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत एक तरुण स्कॉटिश विद्यार्थी होता. १८७८ साली तो रॉस्कॉफला आला. उन्हात ठेवलेल्या या कृमींपासून निघणारा वायू त्याने तपासला व त्यात ऑक्सिजनचे प्रमाण भरपूर असल्याचे १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. वनस्पती उन्हात करतात तेच काम येथे एक प्राणी करताना दिसत होता! या विद्यार्थ्याचे नाव पॅट्रिक गेडिस. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कान टवकारले असतील. होय, तेच गेडिस. १८७९ मध्येच मेक्सिकोत असताना आजारपणामुळे त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास डोळा लावण्याचे काम त्यांना सोडावे लागले. पुढे ते नगररचना आणि समाजशास्त्राकडे वळले. १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले, आणि त्यांच्यानंतर तो विभाग डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. आपल्याकडील समाजशास्त्राच्या एका मुळाशी असा एक हिरवा कृमी वळवळत आहे.

आता कृमीचे नाव. १८९१ मध्ये लुडविग फॉन ग्राफ यांनी त्याला ‘कॉन्व्होल्यूटा रॉस्कॉफेन्सिस’ असे नाव दिले. कॉन्व्होल्यूटा म्हणजे गुंडाळलेला, कारण याच्या अंगाच्या कडा खालच्या बाजूस वळलेल्या असतात. १९९० नंतर त्याला ‘सिमसॅजिटिफेरा रॉस्कॉफेन्सिस’ म्हणू लागले. लॅटिनमध्ये ‘सॅजिटा’ म्हणजे बाण. या कृमीच्या त्वचेत सुईसारखे सूक्ष्म बाण असतात व स्नायूंच्या आवरणाने दाबून ते बाहेर सोडले जातात. मात्र रॉस्कॉफचे नाव जुन्या नावातून नव्यात तसेच आले.

शरीररचना बाहेरून आत अशी पाहू. बाहेर पेशींचा एकेरी थर. त्यावर पक्ष्माभिका, म्हणजे अतिसूक्ष्म केसांसारखे धागे. हे धागे वल्ह्यांसारखे हलतात आणि कृमी वाळूवरून सरकतो. थराखाली आडव्या, उभ्या व तिरप्या स्नायूंची जाळी. डोक्याकडील भागात मेंदू. मेंदूपाशी एक इवलीशी पोकळ पुटी आणि तीत एक खडा. कृमी कलला की खडा कलत्या बाजूस सरकतो, आणि वर कोठे व खाली कोठे हे त्याला कळते. वाळूत शिरणाऱ्या प्राण्याला एवढे ज्ञान हवेच. पुटीच्या दोन्ही बाजूंस एकेक नेत्रबिंदू. त्यांना चित्र दिसत नाही, उजेड मात्र कळतो. प्रत्येक कृमी उभयलिंगी, नर आणि मादी एकाच देहात. तोंड पोटाच्या बाजूस. तोंडातून आत गेले की मात्र वाट संपते.

कारण आत आतडे नाही. तोंडामागे पेशींचा एक मऊ गोळा आहे. एसीला गणातील इतर कृमींमध्ये अन्न या गोळ्यातच शिरते व तेथेच पचते. (या गणाचे मूळ नाव ग्रीक, आणि त्याचा अर्थच ‘पोकळी नसलेले’ असा आहे. ग्रीकांचा नकारार्थी ‘अ’ आणि संस्कृतातील नकारार्थी ‘अ’ हे सख्खे भाऊ आहेत, हे भाषाशास्त्राचे विद्यार्थी जाणतातच.) आतड्याबरोबर इतरही बरेच काही नाही. गुदद्वार नाही. अवयव सामावून घेणारी देहगुहा नाही. हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, श्वसनाचे इंद्रिय नाही, मूत्रपिंडासारखी उत्सर्जनाची व्यवस्था नाही. बालवाडीच्या चित्रात काढावा तसा, आहे त्यापेक्षा नाही त्यानेच अधिक ओळखू येणारा हा प्राणी.

मग तो जगतो कशावर? गेडिस यांना दिसलेल्या वायूचे उत्तर येथे आहे. कीबल व गॅम्बल या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये दाखवून दिले की, कृमीचा हिरवा रंग त्याचा स्वतःचा नसून त्याच्या त्वचेखाली राहणाऱ्या एकपेशीय शैवलाचा आहे. या शैवलाला आज टेट्रासेल्मिस म्हणतात. अंड्यातून बाहेर पडणारे पिलू रंगहीन असते. आईबाप त्याला वारसा म्हणून शैवल देत नाहीत. ते त्याला समुद्रातून स्वतः गिळावे लागते. गिळलेले शैवल पचत नाही, अंगात वाढू लागते. ते न मिळाल्यास पिलू जगत नाही. मिळाले की मोठेपणी कृमी खाणे सोडतो. शैवल उन्हात अन्न तयार करते, त्यावर कृमी पोसला जातो; कृमीच्या देहात साचणारे युरिक आम्ल शैवलाला नायट्रोजनसाठी उपयोगी पडते. घरमालक व भाडेकरू यांचा इतका सलोखा माणसांत क्वचितच पाहावयास मिळेल.

येथे आपण क्षणभर प्राणिशास्त्र बाजूला ठेवून वर्गात येऊ. तर्कसंग्रहात अभाव हा सातवा पदार्थ मानला आहे व त्याचे चार प्रकार सांगितले आहेत : प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव. त्यांपैकी पहिले दोन आपल्या कामाचे. घडा घडण्यापूर्वी मातीत घडा नसतो, तो प्रागभाव. घडा फुटल्यावर खापऱ्यांत घडा नसतो, तो प्रध्वंसाभाव. पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एकच दिसते, की घडा नाही. याहून जवळचे उदाहरण हजेरीपटाचे. सर हजेरी घेतात तेव्हा कोणी अजून आलेला नसतो आणि कोणी ‘हजर’ म्हणण्यापूर्वीच मागच्या दाराने गेलेला असतो. हजेरीपटावर दोघांपुढेही एकच खूण पडते.

आमच्या कृमीच्या संसारात हे दोन्ही अभाव चक्क डोळ्यांनी पाहता येतात. नुकत्याच जन्मलेल्या पिलात हिरवा रंग नाही, हा प्रागभाव. तो रंग अजून यावयाचा आहे. आणि शैवल? समुद्रात मोकळे असताना त्याला पोहण्यासाठी शेपटीसारखे कशाभ असतात, उजेड ओळखणारा एक ठिपका असतो, पेशीभोवती कवच असते. कृमीच्या अंगात मुक्कामाला आल्यावर तिन्ही गोष्टी नाहीशा होतात. हा प्रध्वंसाभाव. ज्याने शैवल केवळ कृमीच्या अंगातच पाहिले, त्याला ते जन्मतःच उघडे, आंधळे व पांगळे वाटेल. त्याचा पूर्वेतिहास ठाऊक असेल तरच ते ‘गमावणे’ आहे हे कळते.

शैवलाचा इतिहास एका आयुष्याचा. तो काचेच्या भांड्यात पुन्हा घडवून पाहता येतो. पण खुद्द कृमीला गुदद्वार नाही, देहगुहा नाही, मूत्रपिंड नाही, हे ‘नाही’ कोणत्या जातीचे? त्याच्या पूर्वजांना हे अवयव कधी लाभलेच नव्हते, की लाभले होते आणि गेले? हा इतिहास कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, आणि अशा मऊ देहाचे जीवाश्म मिळणे दुरापास्त. शास्त्रज्ञ अडकले ते येथे.

वर्गीकरणाचा जुना रिवाज अभावाला फार विचारत नसे. लिनियसने १७५८ मध्ये ‘व्हर्मीस’ म्हणजे कृमी या नावाचा वर्ग केला आणि गांडुळापासून गोगलगायीपर्यंत व तारामाशापर्यंत, दुसरीकडे न बसणारे सगळे त्यात टाकले. किराणा दुकानाच्या वहीत ‘किरकोळ’ नावाचे खाते असते, तसाच हा प्रकार. अरिस्टॉटलने प्राण्यांच्या अवयवांवरील ग्रंथात दोन हजार वर्षांपूर्वीच बजावले होते की, ‘नसणे’ हे विभाजनाचे लक्षण चालणार नाही. जे नाहीच, त्याचे पुढे प्रकार कसे पाडणार? तथापि आपण आजही ‘अपृष्ठवंशी’ हा शब्द बिनदिक्कत वापरतो. पाठीचा कणा नसणे एवढ्याच नात्याने झुरळ आणि शिंपला एका घरात!

आमच्या कृमीच्या वाट्यालाही तेच आले. अंग चपटे, गुदद्वार नाही, देहगुहा नाही, रक्ताभिसरण नाही. चपट्या कृमींच्या संघात, म्हणजे प्लॅटीहेल्मिंथिसमध्ये, हीच लक्षणे सांगितलेली. तेव्हा त्याची रवानगी त्या संघात, स्वतंत्रपणे जगणाऱ्या कृमींच्या टर्बेलेरिया वर्गात झाली. आणि आतडेही नाही म्हणून त्यातल्या एसीला गणात. पुढे वाद रंगला. लिबी हायमन या अमेरिकन विदुषीने १९५१ च्या आपल्या ग्रंथात, एसीला हे मूळचेच साधे असून द्विपार्श्व प्राण्यांच्या पूर्वजाजवळचे आहेत, असा पक्ष मांडला. (डावी-उजवी बाजू व डोके-शेपूट असलेले ते द्विपार्श्व, मुंगीपासून माणसापर्यंत बहुतेक प्राणी यात येतात.) दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, हे अधिक गुंतागुंतीच्या पूर्वजांचे सुटसुटीत झालेले वंशज आहेत. या पक्षाला पुरावा हवा तर पट्टकृमी समोर होता. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमीला स्वतःचे आतडे नाही, आणि ते त्याने परोपजीवी होताना गमावले याबद्दल कोणालाच शंका नाही. थोडक्यात, पहिला पक्ष प्रागभाववादी, दुसरा प्रध्वंसाभाववादी. नावे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हती.

१९८५-८६ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने काहींनी शंका काढली की टर्बेलेरिया हा वर्ग मुळात एका कुळाचा आहे काय? पक्ष्माभिकांच्या मुळांची घडण, अंड्याच्या पहिल्या विभाजनांची रीत अशा ‘असलेल्या’ गोष्टी पाहू लागताच एसीला आणि इतर चपटे कृमी यांच्यात अंतर दिसू लागले. मग डीएनएची साक्ष आली. १९९९ मध्ये स्पेन व इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी एका जनुकाच्या तुलनेवरून जाहीर केले की एसीला हे चपटे कृमी नाहीतच; द्विपार्श्व प्राण्यांच्या वृक्षाला अगदी तळाशी फुटलेली ती एक वेगळी फांदी आहे. खऱ्या चपट्या कृमींची जागा गांडुळे, शिंपले, गोगलगायी यांच्या मोठ्या घराण्यात ठरली. म्हणजे दोन्हींच्या अंगावरील ‘नाही’ सारखे दिसत होते, पण त्यावरून जोडलेले नाते खोटे निघाले.

डीएनएचा निकाल अखेरचा, असे मात्र कोणी समजू नये. पोथ्यांची पाठचिकित्सा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली अडचण चटकन कळेल. एकाच चुकीवरून दोन पोथ्या एका मूळ प्रतीवरून उतरल्या, असे आपण अनुमान करतो. पण दोन लेखनिक स्वतंत्रपणे अतिशय घाईने लिहिणारे असतील, तर योगायोगानेच त्यांच्या काही चुका जुळतात आणि नाते नसताना नाते दिसते. एसीला हे असे घाईचे लेखनिक आहेत. त्यांच्या जनुकांत बदल फार वेगाने साठले आहेत, त्यामुळे वृक्ष आखताना ते उगाचच तळाकडे ढकलले जाण्याचा धोका असतो. १९९९ च्या अभ्यासकांनीही हे ओळखून संथ बदलणारी जाती मुद्दाम निवडली होती, तरी शंका उरलीच.

त्यात आणखी एका पाहुण्याची भर पडली. स्वीडनच्या किनाऱ्यावरील चिखलातून १९१५ मध्ये सिक्स्टेन बॉक यांना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांबीचा एक साधासा कृमी मिळाला. १९४९ मध्ये त्याचे वर्णन ‘झेनोटर्बेला’, म्हणजे परका टर्बेलेरियन, या नावाने प्रसिद्ध झाले. १९९७ मध्ये त्याचा डीएनए तपासला, तर तो शिंपल्यांचा नातेवाईक निघाला! सहा वर्षांनी उलगडा झाला की तपासलेला डीएनए त्याच्या पोटातील शिंपल्याचा होता. बिचाऱ्याची जात त्याच्या जेवणावरून ठरवली गेली होती. पुढे असे दिसून आले की हा परका खरोखर एसीलांचाच जवळचा आप्त आहे. २०११ मध्ये झेनोटर्बेला, एसीला आणि त्यांचे आणखी एक भावंड नेमर्टोडर्मॅटिडा यांना मिळून झेनॅसीलोमॉर्फा असे संघाचे नाव देण्यात आले. त्यांचे आपसातले नाते आज सर्वमान्य आहे.

भांडण उरले ते या कुटुंबाच्या शेजाऱ्यांविषयी. २०११ च्या त्याच निबंधाने त्यांना तारामाशांच्या शाखेजवळ, म्हणजे आपल्याही बाजूला, बसवले. २०१६ मध्ये दुसऱ्या गटाने शेकडो जनुके तपासून त्यांना पुन्हा तळाशी, इतर सर्व द्विपार्श्व प्राण्यांपासून वेगळे ठेवले. २०१९ मध्ये पहिल्या बाजूने घाईच्या लेखनिकांचा दोष वगळून गणित मांडले, तेव्हा ते पुन्हा तारामाशांशेजारी आले. अद्याप एकमत नाही.

या भांडणात पणाला लागले आहे ते आपल्याच पूर्वजाचे चित्र. कृमी तळाचा ठरला, तर मुंगी, मासा, माणूस या सर्वांचा आद्य पूर्वज बहुधा असाच साधा, गुदद्वार व मूत्रपिंड नसलेला जीव होता. तो तारामाशांचा आप्त ठरला, तर त्याच्या पूर्वजांकडे हे सारे असले पाहिजे आणि त्याने ते टाकून दिले असले पाहिजे. मग साधा तो जुना व गुंतागुंतीचा तो नवा, हे समीकरण कोसळते. उत्क्रांती ही शिडी असून आपण वरच्या पायरीवर उभे आहोत, हा समजही त्याच्याबरोबर कोसळतो.

गंमत अशी की, ज्या अभावामुळे या गणाला नाव मिळाले, त्याचा निकाल मात्र बहुतांशी लागला आहे. झेनोटर्बेला व नेमर्टोडर्मॅटिडा या दोन्ही आप्तांना पिशवीसारखे आतडे आहे. द्विपार्श्व नसलेल्या जेलीफिश व प्रवाळ यांनाही पचनाची पोकळी आहे. तेव्हा आजूबाजूला सर्वांकडे असलेली गोष्ट एकट्या एसीलांकडे नसेल, तर ती त्यांनी गमावली असेच म्हणावे लागते, मग हे कुटुंब वृक्षावर कोठेही बसो. म्हणजे आतड्याचा अभाव हा प्रध्वंसाभाव. गुदद्वार, देहगुहा व मूत्रपिंड यांचा अभाव मात्र अजून न्यायप्रविष्ट. एकाच चिमुकल्या देहावरचे हे ‘नाही’ एकाच मापाने मोजता येत नाहीत. शास्त्रीपद्धतीने शिकलेले आमचे गुरुजी येथे हरकत घेतील की, जी वस्तू पुढे त्याच ठिकाणी उत्पन्न होते तिचाच प्रागभाव म्हणतात, आणि या कृमीला मूत्रपिंड पुढेही आले नाही. हरकत मान्य. कृमीपुरता नव्हे, पण द्विपार्श्व प्राण्यांच्या साऱ्या कुळापुरता तो शब्द चालवून घ्यावा, एवढीच विनंती.

अरिस्टॉटलने अभावाचे प्रकार पाडता येत नाहीत म्हणून तो वर्गीकरणातून बाद केला. आपल्या नैयायिकांनी त्याचे चार प्रकार पाडले. रॉस्कॉफच्या वाळूतील कृमी या दोघांच्या मध्ये उभा आहे. नुसते ‘नाही’ पाहून त्याला चपट्या कृमींत घातले, तेव्हा अरिस्टॉटलचा इशारा खरा ठरला. पण कोणते ‘नाही’ आधीचे व कोणते नंतरचे हे विचारले, तेव्हाच त्याच्या कुळाचा शोध पुढे सरकला.

शेवटी या कृमीचा एक पराक्रम सांगतो. त्याचे डोके कापले तरी धड मरत नाही. अंगातले शैवल त्याला पोसत राहते. आणि सुमारे तीन आठवड्यांत नवे डोके, नवा मेंदू, नवे नेत्रबिंदू तयार होऊन तो पुन्हा उजेडाकडे सरकू लागतो. त्या तीन आठवड्यांतल्या कोणत्याही दिवशी कोणी त्याला प्रथमच पाहिले, तर तो वहीत लिहील : ‘मेंदू नाही.’ नोंद खरी असेल. पण मेंदू गेला आहे आणि येणारही आहे, ही गोष्ट त्या नोंदीत सापडणार नाही.